बांगडीतली माणसं

आमच्या शेजारच्या शितोळे मॅडमनी हातातली बांगडी उतरवली, की भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची.

मॅडम मानसशास्त्राच्या प्राध्यापक. लहानपणापासून म्हातारपणापर्यंत माणसाची नाती कशी बदलतात, हे शोधण्यात त्यांनी उभी हयात घालवली. कागदावर ताट उपडं ठेवून गोल काढायचा, त्याच्या आत वाटीचा, मधोमध बांगडीचा. ज्यांच्यावाचून जगणं अवघड ती माणसं बांगडीत लिहायची, त्याखालची वाटीत, उरलेली ताटात. वर म्हणायच्या, "घाबरू नका, यात चूक-बरोबर काही नसतं." हे ऐकून माणूस जास्तच घाबरायचा.

त्यांना गावोगाव नेणारी गाडी माझी. पणदऱ्याच्या एका आबांनी बांगडीत म्हैस घातली आणि बायकोला ताटात. आजी दाराआड उभ्या. आबा कळवळून म्हणाले, "खोडा की वो मॅडम! मला हितंच जेवायचं हाय." मॅडमनी खोडलं नाही. आम्ही चहा न घेताच निघालो.

पण खरी धास्ती वेगळीच होती. चार-पाच वर्षांनी मॅडम तोच कागद घेऊन त्याच दारात जायच्या. तोवर बांगडीतलं कुणीतरी गेलेलं असायचं. वरकुट्याच्या एका बाईंनी आम्हाला लांबून पाहूनच दार लावलं. आतून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या तसंच. मी न्हाय खोडायची." मॅडम बराच वेळ पायरीवर बसून राहिल्या. माझ्या बायकोनेही असा कागद भरलाय; त्यात मी कुठे आहे, ते बघायचा धीर तर मला आजवर झालेला नाही.

आज मॅडमचं हृदयाचं ऑपरेशन. सकाळी मीच त्यांना बारामतीच्या दवाखान्यात आणलं. नर्सने फॉर्म दिला. 'जवळच्या व्यक्तीचं नाव' या रकान्याशी पेन थांबलं. लग्न केलेलं नाही, एकुलता भाऊ गेलेला. जन्मभर लोकांना हाच प्रश्न विचारणाऱ्या बाई पेन खाली ठेवून माझ्याकडे वळल्या.

"फार भीती वाटतेय हो," त्या म्हणाल्या. "तुमचं नाव लिहू? म्हणजे, तुमची हरकत नसेल तर."

मी फॉर्म त्यांच्याकडे सरकवला. "लिहा मॅडम. यात चूक-बरोबर काही नसतं."

नर्स म्हणाली, "आजी, हातात काय ठिवू नका." मॅडमनी बांगडी उतरवून माझ्या हातावर ठेवली.

"हरवू नका. पणदऱ्याला जायचंय अजून."

त्याला तीन तास झाले. दार अजून उघडलेलं नाही. बांगडी खिशात ठेवायचा धीर होत नाही, म्हणून ती मुठीतच धरून बसलोय.