पंधराव्या मजल्याचा फुगा

"शहराचा चेहरा बदलेल!" भूगोलाचे निवृत्त सर कडाडले.

"आपल्या दोघांचे बदलले की," बायको म्हणाली. "कुणी हरकत घेतली?"

इमारतींना चार मजल्यांची मर्यादा होती. ती पंधरा करावी का, यावर संध्याकाळी नगरपालिकेत सुनावणी होती. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर पहिला टॉवर येणार आणि सरांच्या खिडकीतली टेकडी कायमची गडप होणार. गल्लीला मात्र त्याचं सोयरसुतक नव्हतं.

"पंधरा मजले म्हणजे किती, हे लोकांच्या डोक्यात शिरत नाही. डोळ्यांना दाखवायला हवं!"

सरांनी जाहिरातवाल्याकडून गॅस भरलेला भलामोठा लाल फुगा आणला, पंधरा मजल्यांएवढी दोरी बांधली आणि प्लॉटवरून सोडला. सगळी गल्ली माना वर करून उभी राहिली.

"अगं आई गं!" गल्लीतला शिंपी म्हणाला. "एवढं उंच? मग आमच्या गच्चीवर ऊन कसलं येतंय!"

सरांची छाती फुगली. तेवढ्यात वारा सुटला. दोरी तिरकी झाली, फुगा झुकत झुकत खाली आला आणि शिंप्याच्या दुमजली घराच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरींशेजारी डुलू लागला.

"हात्तिच्या! एवढाच होय?" शिंपी म्हणाला. "उगाच घाबरवलंत की सर!"

"अहो, तो वाऱ्यानं झुकलाय! दोरी बघा, दोरी!"

"इमारतीला कुठं दोरी असते?"

सर दोरी ओढू लागले. ते जेवढं ओढत, तेवढा फुगा आणखी खाली येई आणि गल्लीची भीती आणखी कमी होई.

संध्याकाळी सुनावणीत अख्ख्या गल्लीनं टॉवरच्या बाजूनं हात वर केले. अध्यक्षांनी उठून सरांचे जाहीर आभार मानले. "यांच्या प्रात्यक्षिकामुळे सर्वांचे गैरसमज दूर झाले."

"जन्मभर पोरांना वारे शिकवले," घरी येऊन सर म्हणाले. "आणि ऐन परीक्षेत मीच नापास!"

बायकोनं चहा पुढे केला. तिला हसू आवरत नव्हतं. मग सरांनाही आवरेना.

आठवड्याभरात प्लॉटवर बिल्डरचा बोर्ड लागला. त्यावर दोरीला लोंबकळणाऱ्या, वाऱ्यानं केस विस्कटलेल्या सरांचा फोटो झळकत होता. खाली लिहिलं होतं, 'प्रत्येक मजल्यावर भरपूर वारा!'

बोर्डाकडे बघत उभ्या असलेल्या एका गृहस्थानं सरांना ओळखलं. "तुम्हीच ना हे? वर खरंच एवढा वारा असतो?"

खोटं बोलणं सरांच्या रक्तात नव्हतं.

"भयंकर असतो हो," ते कळवळून म्हणाले.

गृहस्थानं तिथल्या तिथे फ्लॅट बुक केला.