पाचवी गाठ

दसऱ्याला पारुबाईने घरातली सगळी हत्यारं घासली. विळा, कुऱ्हाड, खुरपी, स्वतःची शिवणाची कात्री आणि शेवटी लेकाची बेस गिटार. तिचा लेक प्रेमदास आखाडा बाळापूरच्या जमीलभाईंच्या बँडमध्ये बेस वाजवायचा. पोट भरणारं हत्यार म्हटल्यावर त्याचीही पूजा हवीच. गिटारीवर एक धातूची पट्टी तिला जरा काळवंडलेली दिसली. देवाचा तांब्या घासतात तशी तिने ती चिंच-मीठ लावून लख्ख केली, वरून पाणी ओतलं आणि हळदीकुंकू वाहिलं. अशी सेवा ती दर दसऱ्याला करायची. यंदा तिचं फळ मिळालं.

ती पट्टी म्हणजे गिटारीचा ब्रिज. तंबोऱ्याला जशी घोडी असते, तसंच हे काम. खाली एक जाड पत्रा, त्यावर ओळीने चार लहान ठोकळे, आणि एकेका ठोकळ्यावर एकेक तार टेकलेली. ठोकळा स्क्रूने थोडा पुढे-मागे सरकवला की तार सुरात येते. ठोकळा सरकला नाही, तर वाजवणारा कितीही चांगला असो, ऐकणाऱ्याचे दात आंबतात.

महिन्याभराने, तुळशीचं लग्न उरकल्यावर, प्रेमदासने सूर लावायला पेचकस लावला. स्क्रू फिरला नाही. त्याने जोर लावला. स्क्रूचं डोकं तुटून थेट पारुबाईच्या पिठाच्या परातीत पडलं.

"याडी, काय लावलं तू ह्याला?" त्याने आईला विचारलं.

"चिंच लावली. काहून? चमकून न्हाई राहिलं का?"

"चमकून राहिलंय. पन हलून न्हाई राहिलं!"

हे ऐकून आत ओढणी अंगावर लावून बघत असलेली धाकटी बहीण शितल बाहेर आली. लग्न तिचंच होतं, आणि अगदी तोंडावर आलं होतं. लहानपणापासून ती त्या गिटारीच्या धुम-धुम आवाजावर झोपत आली होती. प्रेमदासने तिला शब्द दिला होता, की निघायच्या वेळी मांडवात तोच बेस वाजेल.

"भिया, आधीच सांगते," ती भावाला म्हणाली, "तुझं धुम-धुम वाजल्याबिगर मी जीपमदी बसनार न्हाई. मंग नवरदेवाला खुशाल एकटं जाऊ दे."

"बसशील कशी न्हाई?" वडील पुनमचंद ओसरीवरून ओरडले.

"न्हाई बसनार, बापू."

शितल एकदा नाही म्हणाली की बंजाऱ्यांच्या त्या तांड्यात कोणी वाद घालत नसे. नवा ब्रिज आणायचं ठरलं.

आता कोणता आणायचा? प्रेमदासने मोबाइलवर ब्रिजची चित्रं शोधली आणि चूक केली, कारण ती सगळ्यांना दिसली. शितलला सोनेरी हवा होता, ओढणीला शोभेल असा. पुनमचंदने आयुष्यभर चांदी हातात तोलून घेतली होती. ते म्हणाले, "रंगाचं काय घेऊन बसलीस? हातात जड लागलं पायजे." पारुबाईने फक्त एवढंच विचारलं, की ह्यातलं घासायला सोपं कोणतं.

"तू ह्याच्याजवळ यायचं न्हाई!" प्रेमदास म्हणाला.

संध्याकाळी जमीलभाई आले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून सगळी चित्रं पाहिली. "पुनमचंद बराबर बोलतात. हलका पत्रा घेतला तर आवाज लगेच मरतो. जड पितळेचा घे, आवाज लांबपर्यंत टिकतो. सोनेरी मिळाला तर शितलबाई बी खूश."

नांदेडच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "फोटोत माप कळत नाही. तारांमधलं अंतर मोजून पाठवा."

घरातली मोजपट्टी शोधली, ती अर्धी निघाली; उरलेल्या अर्ध्या भागाने पुनमचंद पाठ खाजवत. शितलच्या ओढणीवर आरसे आणि जुने पैसे टाचत बसलेल्या पारुबाईने सुई बाजूला ठेवली. "माप म्हंजे धागा. बांगडीचं धाग्यानं घेत्यात, पायाचं धाग्यानं घेत्यात. ह्याला काय येगळं?" तिने भरतकामाचा लाल धागा तारांवर आडवा धरला आणि एकेका तारेच्या जागी एकेक गाठ मारली. चार तारा, चार गाठी. माप इतकं नेमकं होतं की जमीलभाईंनीही वाहवा केली.

प्रेमदासला पत्रिका वाटत फिरायचं होतं. जमीलभाईंचा मुलगा मुजाहिद बँडचा टेम्पो घेऊन दुसऱ्याच दिवशी नांदेडला निघणार होता, पण त्याची ख्याती मोठी होती. मागच्या साली ढोलाचं पान, म्हणजे वरचं कातडं, आणायला पाठवलं, तर त्याने ताशाचं आणलं होतं. वर दुकानदाराशी तासभर वाद घालून आणलं होतं.

"हे बघ मुजाहिद," प्रेमदासने बजावलं, "तू तोंडच उघडू नको. फकस्त धागा दाखव. पितळी, सोनेरी, जड, हे फोनवर सांगून ठेवलंय."

"बराबर. तोंड बंद," मुजाहिद म्हणाला. धागा हरवू नये म्हणून पारुबाईने तो त्याच्या मनगटावरच बांधला.

सकाळी तो घरातून निघताना त्याची आजी, म्हणजे जमीलभाईंची आई खुर्शीदबी, दारात बसली होती. तिला नातवाच्या मनगटावर गाठी मारलेला लाल धागा दिसला. टेम्पो चालवणाऱ्या पोराला कोणीतरी दुवा बांधून दिली, हे पाहून म्हातारीला भरून आलं. पण परक्याने बांधावं आणि आजीने नुसतं बघावं? तिने त्याचा हात ओढला, डोळे मिटून पुटपुटली, मोकळ्या टोकाला अजून एक गाठ मारली आणि त्यावर फुंकर घातली.

"जा, बेटा. आता फिकीर न्हाई."

नांदेडला दुकानदाराने विचारलं, "चार तारांचा पाहिजे की पाच?"

मुजाहिदने तोंड घट्ट मिटलं आणि मनगट पुढे केलं.

दुकानदाराने गाठी मोजल्या. "पाच. शेवटची जरा लांब पडली आहे, पण हाताचं काम आहे, चालायचंच."

नांदेडकडची बँडची कामं उरकून लग्नाच्या आदल्या दुपारी, मांडवाला पानं बांधून होत असताना, टेम्पो तांड्यावर आला. प्रेमदासने डबी उघडली. आत पितळी, सोनेरी, जड ब्रिज होता. पुनमचंदने तो हातात तोलून मान डोलावली. शितलने तो ओढणीला लावून पाहिला. मग प्रेमदासने ठोकळे मोजले.

"पाच?" त्याने मुजाहिदचा हात धरून धागा पाहिला. "याडी, तू पाच गाठी मारल्या?"

पारुबाईने धागा डोळ्यांजवळ नेला. "ही माझी न्हाई. इतकी सैल गाठ मी मारतच न्हाई."

"दादीनं मारली," मुजाहिद शांतपणे म्हणाला. "दुवाची हाय."

"अन् तुला म्हाईत व्हतं?"

"व्हतं ना. माझ्या समोरच मारली."

"मंग दुकानात काहून न्हाई बोलला?"

"तुमीच म्हनले, तोंड उघडू नको!"

ब्रिज गिटारीवर ठेवून पाहिला. बाहेरच्या ठोकळ्यातली तार गिटारीच्या मानेच्या बाहेर, हवेत वाजली असती. नांदेडला परत जाऊन यायला वेळ नव्हता. मुजाहिदला परत पाठवायची हिंमतही नव्हती. शितल ओढणीचा पदर बोटाला गुंडाळत मांडवाच्या खांबाला टेकून बसली.

पारुबाई मात्र जुना आणि नवा ब्रिज शेजारी ठेवून बघत होती. "जुनी ओढणी फाटली तर आपन काय करतो?" तिने विचारलं. "आरसे, पैसे काढून घेतो, नव्या कापडावर लावतो. हितं उलटं झालंय. कापड तुझं धड हाय. पैसे तेवढे गंजलेत."

प्रेमदास आईकडे पाहत राहिला. पत्र्याला खरोखरच काही झालं नव्हतं. ब्रिज बदलायचा होता कुठे? ठोकळे बदलायचे होते. मांडवात बँड लावायला आलेल्या जमीलभाईंनी करवतीच्या ब्लेडने गंजलेले स्क्रू कापले. नव्या ब्रिजचे ठोकळे, त्यांच्या स्क्रूंसकट, जुन्या पत्र्यावर बसवले. किंचित अरुंद होते, पण सरकले. तार सुरात आली. पहिल्याच धुम-धुमला मांडवातली कोंबडी उडाली आणि शितल हसली.

दुसऱ्या दिवशी तिची पाठवणी तशीच झाली. प्रेमदासने मान खाली घालून बेस वाजवला, कारण मान वर केली असती तर बोटं चुकली असती. शितल जीपमध्ये बसली. तिच्या ओढणीच्या पदरावर, आरसे आणि जुन्या पैशांच्या मधोमध, पारुबाईने पाचवा सोनेरी ठोकळा टाचला होता. खुर्शीदबी सगळ्यांना सांगत होती, "ती माझीच गाठ बरं का!"

काही दिवसांनी शितलचा फोन आला. प्रेमदासने तो उचलून स्पीकरवर टाकला.

"भिया, सासरी समद्या विचारून राहिल्या, हा दागिना कुठला म्हनून. सासूला पायजे. दोन नंदांला पायजे. जावेला बी पायजे."

"अगं, पन एकच उरला व्हता!"

"एकच कसा? तुझ्या गिटारीवर चार हायेत ना?"

प्रेमदास काही बोलणार, तेवढ्यात त्याला मागे चाहूल लागली. एका हातात कात्री आणि दुसऱ्या हातात चिंच घेऊन पारुबाई गिटारीकडे टक लावून पाहत उभी होती.