टाइमकीपरची लाल रेघ

आमच्या हुडकेश्वरच्या गल्लीत इंग्रजीतल्या एकाच क्रियापदाची रोज हजेरी घेणारा एक माणूस राहतो. क्रियापद 'कीप', माणूस नामदेवभाऊ.

उमरेडकडच्या कोळसा खाणीत भाऊ छत्तीस वर्षं टाइमकीपर होते. निवृत्त झाले आणि त्यांना प्रश्न पडला, "टाइम कीप करून राहिलो म्हणजे नेमकं काय करून राहिलो जी मी?" मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेलं आणि त्यात शेजारी, म्हणजे माझी सुटका नव्हती.

त्यांनी खाणीतल्यासारखं लांबलचक हजेरी रजिस्टर आखलं. मजुरांच्या जागी 'कीप'चे अर्थ: ठेवणे, सांभाळणे, कोंबड्या पाळणे, दिलेला शब्द पाळणे, गप्प राहणे. टीव्हीवर, पाटीवर जो अर्थ भेटेल त्यापुढे 'ह', नाहीतर 'गै'. "सर, तो कोंबड्यावाला आठ दिवसापासून गैरहजर हाये," असं ते खऱ्या काळजीनं सांगत. नोंदीपुढे माहिती देणाऱ्याचं नाव असे. बहुतेक ठिकाणी माझंच.

खाणीत नोंद चुकली तर खोडायची नाही, लाल शाईची एक रेघ मारून खाली टाइमकीपरनं सही करायची, असा दंडक होता. "माह्या रजिस्टरात छत्तीस वर्षांत एक लाल रेघ नाही जी," हे मी किमान शंभरदा ऐकलंय.

फक्त 'गाव' हा रकाना रिकामा होता. कोणताही शब्दकोश उघडा, 'कीप'चा उगम अज्ञात. "एवढा कामाचा गडी, अन् त्याच्या गावाचा पत्ता नाही?" भाऊ हळहळायचे.

एका रविवारी मी तर्री-पोहे खायला निघालो होतो. भाऊ फाटकात उभे. मला भूक लागली होती. मी थाप मारली की, जुने इंग्रज मेंढपाळ मेंढ्या कोंडायच्या कुंपणाला 'केपा' म्हणत, त्यावरून हा शब्द आला. भाऊंचा चेहरा असा उजळला की मला तेव्हाच लाज वाटायला हवी होती. मी दोन प्लेटी पोहे खाल्ले.

पुढच्या आठवड्यात भाऊंनी सांगितलं, "आमच्या सरांचा शोध म्हणून विलायतेत शब्दकोशवाल्यांले चिठ्ठी टाकली." खरं सांगायला एक मिनिट लागलं असतं. मी टपालखर्च किती आला ते विचारलं.

काही महिन्यांनी भाऊंचं येणं बंद झालं. पहिले आठ दिवस मला हायसं वाटलं, हे लिहितानाही मान खाली जाते. तिसऱ्या आठवड्यात मीच गेलो. पत्नी गेल्यापासून भाऊ एकटेच असतात. ते चहा टाकायला आत गेले आणि मी टेबलावरचं रजिस्टर उघडलं.

आत विलायतेचं उत्तर होतं. असा शब्द कुठेही आढळत नाही, आपल्या सरांचा आधार काय, असं सभ्यपणे विचारलेलं. 'गाव' रकान्यातल्या 'केपा'वर लाल रेघ होती. शेजारच्या माझ्या नावावरही. खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'सरांनी असं सांगितलं नाही. टाइमकीपरची चूक.' आणि भाऊंची सही.

भाऊ चहा घेऊन आले तेव्हा रजिस्टर माझ्या हातातच होतं.

"भाऊ, ते मी बनवून सांगितलं होतं."

"मालूम हाये सर. चिठ्ठी आली तवा ध्यानात आलं. त्या दिवशी तुमच्या पायात चप्पल होती, घाईत होते तुमी."

"मग माझं नाव काहून कापलं?"

"सारी गल्ली तुमाले सर म्हणते. मले कोण विचारते?" कप पुढे सरकवत ते म्हणाले, "अन् तुमच्याकडे आलो असतो तं चिठ्ठीचं तोंडातून निघून गेलं असतं. म्हणून नाही आलो."

मी लाल पेन मागितलं. म्हटलं, तुमची सही कापतो, माझी करतो. भाऊंनी पेन खिशात टाकलं.

"रेघेवर रेघ मारता येत नाही जी," ते म्हणाले. "चहा घ्या."