लेबल नसलेली गाडी

डिकीवरची अक्षरं एकेक करून गळून पडली होती, आणि जिथे ती होती तिथला निळा रंग बाकीच्यापेक्षा दोन छटांनी गडद राहिला होता. लॅबकाकूंनी चष्मा लावून, वाकून खात्री केली. ऊन न लागलेल्या त्या ठशांवरून नाव अजून वाचता येत होतं: ओर्लिना.

लॅबकाकू म्हणजे पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या बाई. इमारतीत सगळे त्यांना ओळखत, म्हणजे लिफ्टमध्ये गाठ पडली तर. घरी कोणी येत नसे. माणसांची वर्दळ काकांमुळे होती. काका दोन वर्षांपूर्वी गेले, तशी तीही गेली. उरली ही गाडी. काकूंना ती चालवता येत नव्हती. दर रविवारी सकाळी त्या चालकाच्या सीटच्या टोकावर बसून दहा मिनिटं इंजिन सुरू ठेवत. सीट काकांच्या लांब पायांच्या मापाने मागे सरकवलेली होती. काकूंचे पाय पेडलपासून वीतभर अलीकडेच राहत. ती पुढे घ्यायचं त्यांनी कधी मनावर घेतलं नव्हतं.

अशात सेक्रेटरींनी नोटीस लावली. बेवारस दिसणाऱ्या गाड्या महिनाअखेरीस उचलल्या जातील.

काकूंना लॅबचा नियम पाठ होता. लेबल नसलेली बाटली ओतून टाकायची. आत काय आहे ते विचारत बसायचं नाही. असल्या शेकडो बाटल्या त्यांनी स्वतःच्या हाताने ओतल्या होत्या. तेव्हा आधी लेबल.

"हे मॉडेल बंद होऊन जमाना झाला काकू," मेकॅनिक म्हणाला. "अक्षरं कुठून आणू?"

परदेशी असलेल्या नणंदेकडे हीच गाडी होती. काकूंनी फोन केल्यावर तिने तत्परतेने पाकीट पाठवलं. काकूंनी उघडलं, तर आत ठसठशीत, चकचकीत अक्षरं: बेल्व्हो.

"वन्सं, हे तर भलतंच नाव आलंय."

"अगं वहिनी, इकडे हिला हेच म्हणतात. ओर्लिना नावाची सायकल इथे आधीपासून आहे. सायकलवाल्यांनी नाव नोंदवून ठेवलेलं, मग गाडीवाल्यांनी इथल्यापुरतं दुसरं ठेवलं. आत सगळं तेच. दादा म्हणायचाच ना, माझी गाडी माहेरी राहिली, तुझी सासरी गेली."

काका असं म्हणायचे, हे काकूंना माहीत नव्हतं. फोन ठेवून त्यांनी अक्षरं टेबलावर ओळीने मांडली.

लॅबमध्येही एकच रसायन दोन कंपन्यांच्या यादीत दोन नावांनी येतं, यात नवल ते काय? काकूंनी गाडी धुतली, स्पिरिटने डिकी पुसली, पट्टीने मोजून अक्षरं चिकटवली. गाडी अशी चकाकली, की जणू कालच शोरूममधून निघाली.

संध्याकाळी बेल वाजली. समोरची शेजारीण, आणि तिच्यामागे तिसऱ्या मजल्यावरचं जोडपं.

"नवी गाडी घेतलीत, आणि आम्हाला पत्ता लागू दिला नाहीत?"

चार कप एकदम बाहेर काढायची वेळ दोन वर्षांत आली नव्हती. एकाचा कान तुटलेला निघाला, तो काकूंनी स्वतःला घेतला. 'नवी नाही हो' हे वाक्य ओठांवर होतं. पण ते उच्चारलं की माणसं कप ठेवून उठणार, हा निष्कर्ष इतका उघड होता, की काकू म्हणाल्या, "साखर किती?"

"आणि जुनीचं काय केलंत?" शेजारणीने विचारलं. "माझ्या भावाला हवी होती."

"ती आहे."

"कुठे?"

"खालीच."

शेजारीण भावाला घेऊन खाली सगळ्या गाड्यांमधून फिरून आली. ओर्लिना नाही म्हटल्यावर ती थेट सेक्रेटरींकडे गेली. सकाळी सेक्रेटरी दारात.

"एका घराला एकच जागा, काकू. जुनी कुठे दडवलीत? आणि नवीचे कागद द्या."

काकूंनी होते ते कागद दिले.

"हे ओर्लिनाचे. खाली उभी आहे बेल्व्हो. नंबरप्लेट काय, कुणीही काढून लावेल. म्हणजे ती तुमची नाही."

दुपारी काचेवर कागद चिकटला: 'अनोळखी वाहन.' दाराखालून दुसरा आला: 'जुने वाहन लपवल्याबद्दल खुलासा करावा.' आता काकूंकडे एक गाडी होती जी कुणाला सापडत नव्हती, आणि एक होती जी सापडली होती पण त्यांची नव्हती.

रविवारी त्यांनी मेकॅनिकला बोलावलं. सगळी मंडळी जमली. त्याने बॉनेट उघडून इंजिनवरचा नंबर मोठ्याने वाचला. सेक्रेटरींनी कागदावर बोट ठेवून तो ताडून पाहिला. एकेक आकडा जुळला.

"मग नवी गाडी?"

"नवी नव्हतीच," काकू म्हणाल्या, आणि सायकलवाल्यांची हकिगत सांगितली.

"आणि आम्ही अभिनंदन करून गेलो ते?" शेजारीण म्हणाली.

"चहा खरा होता."

सेक्रेटरींनी कागद परत केले. "नावाचं सोडा हो. ही गाडी कधी फाटकाबाहेर जाते का? जागची हलत नाही ती बेवारसच. यांचा भाऊ घ्यायला तयार आहे. विकताय की उचलू, ते आत्ता सांगा."

रविवार होता, म्हणून काकू सवयीने सीटच्या टोकावर बसल्या आणि किल्ली फिरवली. पाय वीतभर अलीकडेच. शेजारणीचा भाऊ टायर दाबून पाहत होता.

मेकॅनिक खिडकीशी वाकला. "काय करायचं, काकू?"

"ही सीट पुढे कशी घेतात ते दाखवा," काकू म्हणाल्या. "आणि सेक्रेटरींना फाटकापासून लांब उभं राहायला सांगा. मी शिकणार आहे."