तेविसाव्या सेकंदाची खडखड

आवाजातलं मला कळतं! स्वतःच सांगतोय म्हणून फुशारकी वाटेल, पण खरं ते खरं. ऑफिसात लिफ्ट कुठल्या मजल्यावर थांबली, ते मी जागेवर बसून नुसत्या आवाजावरून सांगतो. माझ्या टेबलावरून लिफ्टचा दिवा दिसतो, असं काही जळकी मंडळी म्हणतात. त्यांच्याकडे तुम्ही लक्ष देऊ नका.

त्यामुळे घरात आवाजाचा प्रश्न निघाला, तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "ते माझ्यावर सोडा!"

माझ्या तोंडून हे तीन शब्द बाहेर पडले, की बायको आधी फोन शोधते. मग प्लंबरचा नाहीतर वायरमनचा नंबर. या वेळी मात्र तिने फोनला हात लावला नाही, कारण प्रश्न तिच्या वडिलांचा होता.

आमचे सासरेबुवा पस्तीस वर्षं कारखान्यात फिटर होते. चालत्या मशीनला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावायचं, मूठ कानामागच्या हाडावर दाबायची, डोळे मिटायचे आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचं! "माझ्या हाताखाली एक मशीन खडखडलं नाही," असं ते प्रत्येक कार्यक्रमात सांगतात, आणि सांगताना नेमके माझ्याकडे बघतात. का बघतात, ते तुम्ही आमचं बेसिन पाहिलंत तर तुम्हालाही कळेल.

त्याच मशिनांनी त्यांचे कान खाल्ले. डावा पूर्ण गेला. उजव्याचं डॉक्टर म्हणाले, "आहे ते काही महिने." श्रवणयंत्र त्यांना सोसत नाही. ते लावलं की माणसं बोलतात का कुणी पत्रा घासतंय, तेच समजत नाही म्हणतात.

आणि सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या आवाजाची एकच कॅसेट. बायको सहा महिन्यांची असताना तिला निजवताना त्यांनी अंगाई म्हटली, ती कुणीतरी टेपवर घेतलेली. घरातला टेप कधीच मोडीत गेला होता. मागच्या महिन्यात सासरेबुवा ती कॅसेट रुमालात बांधून घेऊन आले आणि माझ्या हातात ठेवून म्हणाले, "कान आहे तोवर एकदा ऐकायचीय."

एवढंच बोलले हो! मी काय म्हणणार? म्हटलं ना वर, तीन शब्द.

एका स्टुडिओवाल्याने कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून दिली. चार मिनिटं. आता ती वाजवायला तसंच तोलामोलाचं काहीतरी हवं! मी तडक दुकानात गेलो. दुकानदाराने एकामागून एक स्पीकर वाजवून दाखवले. प्रत्येक वेळी मी मान तिरकी करून "हं" म्हणालो. फरक ओ की ठो कळत नव्हता, पण मान झकास तिरकी होत होती.

"साहेब, हे घ्या," शेवटी तोच कंटाळून म्हणाला. "पण स्पीकर घेणं सोपं, त्याची थरथर आवरणं अवघड! खोकं हललं की आवाज गढूळ झाला. खाली रबर द्या, वरून वजन द्या, आणि पोकळ लाकडावर तर मुळीच ठेवू नका."

"मला कळतं," मी म्हणालो.

घरी येऊन मी आणखी एक जाहीर केलं. या स्पीकरवर पहिला आवाज वाजेल तो आईंचा! त्याआधी दुसरं काही म्हणजे काही लावायचं नाही. बायकोने डोळ्याला पदर लावला. मला इतकं भरून आलं, की आपण मूर्खपणा करतोय हे लक्षातच आलं नाही.

सोमवारी संध्याकाळी मी बटण दाबलं. आधी सूं असा आवाज. मग खालून कसलीतरी घुमघुम. आणि मग आईंचा आवाज! बायको ओले हात तसेच धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. आणि बरोबर तेविसाव्या सेकंदाला...

खड्! खड्खड्खड्!

मी झडप घालून बंद केलं.

"का थांबवलं?" बायको.

"स्पीकर थरथरतोय!"

"मग थरथरू दे. पुढे ऐकू तरी दे."

"खडखडीसकट? बाबांना आईंचा आवाज खडखडीसकट ऐकवायचा? बाबांना! ज्यांच्या हाताखाली एक मशीन..."

ती ओले हात पदराला पुसत आत गेली. 

मंगळवारी मी स्पीकरखाली रबर दिलं. तेविसाव्या सेकंदाला खडखड! बुधवारी गच्चीवर पडलेली ग्रॅनाइटची लादी दोन मजले खाली आणली. कंबर धरली, पण लादी आणली. वर वाळूची पिशवी ठेवली. तेविसाव्या सेकंदाला खडखड! गुरुवारी माझी खात्री पटली, की गुन्हेगार स्पीकर नाहीच, घर आहे. शोकेसच्या काचा काढल्या. पडद्याचे दांडे उतरवले. स्वयंपाकघरातल्या कपाटांची दारं, भिंतीवरचं घड्याळ, दिव्याच्या पट्टीचं झाकण, जे जे स्क्रूने धरलेलं होतं ते ते सोडवलं. स्क्रू सगळे एका वाडग्यात. बायकोने त्या वाडग्याकडे बघून एक सुस्कारा सोडला.

दुकानदाराला फोन केला.

"साहेब, दुसरं काही वाजवून बघितलंत का?"

"मी काय लहान आहे?" असं म्हणून मी फोन ठेवला. बाणेदारपणाच्या भरात ठेवला. आज वाटतं, दहा सेकंद थांबलो असतो तर!

शुक्रवारी दाराची बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या हेडबाई. निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्या नुसत्या जिन्यात उभ्या राहिल्या, तरी मी शर्टाचं वरचं बटण लावतो.

"पाच दिवस माझ्या डोक्यावर एक बाई तेवीस सेकंद गाते, मग काहीतरी धाडकन आदळतं," त्या म्हणाल्या. "काय आदळतं?"

"मी," मी म्हणालो. "बंद करायला उडी मारतो ना."

"आणि ती बाई पुढे का गात नाही?"

मी सगळं सांगितलं. कॅसेट, कान, डॉक्टर.  हेडबाई उघड्या शोकेसकडे, दारं नसलेल्या कपाटांकडे आणि स्क्रूंच्या वाडग्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "रविवारी किती वाजता?"

"अकरा."

"येते. काहीतरी धरायला माणूस लागेल तुम्हाला."

 शनिवारी दुपारी सासरेबुवांचा फोन आला. ते फोनवर नेहमी ओरडूनच बोलतात, पण त्या दिवशी हळू बोलले. "उद्या नवा शर्ट घालू ना रे?"

"घाला बाबा," मी ओरडलो, आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. उद्या ती खडखड वाजली तर? त्यांना ऐकूच आलं नाही तर? पुढच्या वर्षी म्हणायला पुढचं वर्ष नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, की मला आवाजातलं काही म्हणजे काही कळत नाही.

रविवारी सकाळी दहापासून तालीम. बायको खिडकीची काच दोन्ही हातांनी दाबून उभी. हेडबाई रिकाम्या शोकेसवर बसलेल्या, कारण ते शोकेस हलायची शंका होती आणि त्या हलणाऱ्या नव्हत्या. स्पीकर लादीवर, लादी रबरावर, वर वाळू, भोवती घडी घातलेली गोधडी, गोधडीला माझा पट्टा. आणि त्या सगळ्याला मिठी मारून मी!

नेमके त्याच वेळी, म्हणजे अर्धा तास आधीच, सासरेबुवा आत आले. नवा शर्ट, भांग पाडलेला. आमच्याकडे त्यांनी आळीपाळीने बघितलं.

"काय धरपकड चाललीय?"

"थरथर, बाबा!" मी ओरडलो. "थरथर आवरतोय!"

ते खुर्चीत बसले. नाइलाजाने लावलेलं श्रवणयंत्र काढून खिशात ठेवलं. उजवा कान स्पीकरकडे केला. मी बटण दाबलं.

सूं. घुमघुम. आईंचा आवाज खोलीभर पसरला. सासरेबुवा वाट बघत होते.

"लाव ना," ते म्हणाले.

"लावलंय, बाबा!"

"लावलंय?" त्यांनी माझ्या ओठांकडे बघत विचारलं.

मी आवाज वाढवला. आणखी वाढवला. आता ती अंगाई रस्त्यावरच्या माणसाला ऐकू गेली असती. सासरेबुवांच्या चेहऱ्यावर मात्र काहीच नाही. फक्त शर्टाची कॉलर नीट करत होते. आणि मग, खड्खड्खड्! मी सवयीने बंद केलं.

"अहो!" बायको एवढ्या मोठ्यांदा ओरडली, की तिच्या हातातली काच थरथरली.

 सासरेबुवा उठले. खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. नव्या शर्टाच्या खिशातही तो होताच! टोक गोधडीतून स्पीकरला लावलं, मूठ कानामागे. "चालू कर."

मी चालू केला. त्यांनी डोळे मिटले, लगेच उघडले.

"मेलंय हे, जावईबापू. कुणी असं आवळलं?"

"थरथर..."

"अरे, मला आता थरथरच ऐकू येते! दुसरं आहे काय?"

पुढच्या पाच मिनिटांत आठवडाभराची मेहनत जमिनीवर आली. पट्टा, गोधडी, वाळू, लादी, रबर. सासरेबुवांनी स्वतः स्पीकर उचलून आमच्या जेवायच्या टेबलावर ठेवला. पातळ, पोकळ, दुकानदाराने बघितलं असतं तर रडला असता असं टेबल! त्यांनी फळीला टोक लावलं, मूठ कानामागे, आणि मान हलवली.

मी बटण दाबलं.

टेबल घुमायला लागलं. कपबशा नाचायला लागल्या. आणि सासरेबुवांचा चेहरा, काय सांगू तुम्हाला! खालचा ओठ हलला. मग मान हळूच डोलायला लागली, बरोबर अंगाईच्या लयीत. तेवीस सेकंद होत आले. माझा हात बटणाकडे निघाला, तो बायकोने मधेच पकडला.

खड्खड्खड्!

सासरेबुवा डोलतच होते. खडखड चालूच, आई गातायत, एक कडवं झालं, दुसरं झालं. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही तेविसाव्या सेकंदाच्या पुढे आलो होतो. तिसऱ्या कडव्याच्या मध्येच गाणं तुटलं आणि आई चिडून म्हणाल्या,

"अहो! तो पंखा बंद करा आधी! कारखान्यातली मशिनं घट्ट करत फिरता, आणि घरातल्या पंख्याचा एक स्क्रू तुम्हाला सापडत नाही? बघा, उठवलीत ना पोरीला!"

मागून एका तान्ह्या पोरीने भोकाड पसरलं. आणि त्यावर एका तरुण माणसाचा आवाज, आळसावलेला, अगदी जवळून: "रविवारी बघतो."

टक्. संपलं.

 सासरेबुवांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता. स्क्रू-ड्रायव्हर अजून कानामागेच. बायको तर सरळ खाली बसली होती.

"केलात का मग पंखा?" हेडबाईंनी शोकेसवरून विचारलं. खणखणीत, वर्गात विचारावं तसं. ते त्यांना ऐकू गेलं.

"राहून गेलं," सासरेबुवा म्हणाले.

मग त्यांनी ती चार मिनिटं आणखी सहा वेळा ऐकली. प्रत्येक वेळी "रविवारी बघतो" आलं, की ते मान खाली घालत आणि हसत. चहा झाला. हेडबाईंना शोकेसवरून उतरायला मदत केली. आणि मग बायकोने उघड्या कपाटांकडे, काचांकडे, दांड्यांकडे हात केला. "अहो, हे सगळं परत कोण लावणार?"

"ते माझ्यावर सोड," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी..."

सकाळपासून माझा एक शब्द ऐकू न आलेल्या माणसाला हा बरोबर ऐकू आला! सासरेबुवांनी स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिला. "आज," ते म्हणाले. वाडगा त्यांनी स्वतः उचलला आणि एकेक स्क्रू मला देत राहिले, संध्याकाळ होईपर्यंत.

सगळं जागच्या जागी बसलं. वाडग्यात एक स्क्रू तेवढा उरला. तो कुठला, ते आम्हा दोघांनाही अजून सापडलेलं नाही. घरात कुठेतरी काहीतरी सारखं खडखडतं, आणि या वेळी ती खडखड टेपमधली नाही, एवढं मला आवाजावरून नक्की सांगता येतं.