परचुरे काका आणि फ्रान्समधलं चर्च

परचुरे काका कुणाच्याही घरी गेले की आधी वर बघतात. यजमान हात पुढे करून उभा, आणि काका छताकडे. ओहायोतल्या डब्लिनला आम्ही नवं टाउनहाउस घेतलं तेव्हा त्यांनी हॉलमधल्या खांबावर टकटक केलं आणि आनंदाने ओरडले, "पोकळ! अरे, मग भार कुठे जातो?" पुढे महिनाभर बायको त्या खांबाजवळ सोफा ठेवू देईना.

काका शेजारच्या युनिटमध्ये एकटे राहायचे. मूळचे सांगलीचे, इन्शुरन्स कंपनीत प्रोग्रॅमर. पण जीव अडकलेला फ्रान्समधल्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये. लायब्ररीच्या सेलमधल्या जुन्या पुस्तकात त्यांना ते भेटलं. गावात माणसं आमच्या इथल्या मराठी मंडळाहून कमी, आणि चर्च नऊशे वर्षांचं.

"आधी लाकडी छप्पर होतं," पॉटलकच्या जेवणात पुरी कमानीसारखी वाकवून काका सांगायचे. "मग यांना आली हौस. दगडी कमान चढवली! भिंती लागल्या बाहेर झुकायला. मग धावाधाव, बाहेरून दगडी टेकू. शहाणपण नंतर सुचलं, पण उभं आहे ना?" तोवर पुरी फुटलेली असे.

२००५ च्या गणपतीत मखराचं काम काकांना दिलं ते मंडळाच्या अध्यक्ष निंबकर काकूंनी. बाप्पा बसले थर्माकोलच्या फ्रेंच चर्चमध्ये! गोल कमानी, जाडजूड खांब, बुटका मनोरा. कुणी हरकत घेणार, तेवढ्यात काकूंचं लक्ष छपराखाली गेलं. तिथे ओळीने चेहरे कोरलेले. कुणी जीभ काढलेला, कुणी गाल फुगवलेला.

"परचुरे, हे नाक माझं आहे."

"काकू, तिकडेही छपराखाली असेच चेहरे आहेत," काका नम्रपणे म्हणाले. "मान समजा."

आरती राहिली बाजूला. अख्खी कमिटी माना वर करून स्वतःला शोधू लागली. सेक्रेटरी सापडले, जांभई देताना. ज्यांचा चेहरा नव्हता ते रुसले. "यार, तीन वर्षं खुर्च्या मी लावतोय, आणि मीच नाही?" काकांनी तिथल्या तिथे कटर काढला.

हसू ओसरल्यावर काकूंनी विचारलं, "तिकडे किती वेळा जाऊन आलात?"

"एकदाही नाही."

"मग जा की!"

काका शर्टावरचा थर्माकोलचा भुगा झटकत राहिले. शेवटी पुढच्या मे महिन्यात मीच तिकीट बुक केलं आणि त्यांना एअरपोर्टवर सोडून आलो.

चौथ्या दिवशी सकाळी ऑफिसात फोन. "अरे, चर्चला कुलूप!" किल्ली बेकरीवाल्या बाईकडे, बाई जेवायला गेलेली, आणि काकांना फ्रेंच शून्य. ती आल्यावर त्यांनी दोन्ही हातांची कमान करून दाखवली, मग झुकणारी भिंत, मग टेकू. बाई हसून हसून दमली आणि किल्ली घेऊन स्वतःच पुढे निघाली.

"मग? आतून कसं आहे?"



"बाकावर बसलो रे. बसताना सरकून शेजारी जागा केली, सवयीने." मग हळूच म्हणाले, "असलं सगळं सुलभाला सांगायचो मी. आता पाठ असलेला नंबर तुझाच."

सुलभाकाकू, त्यांची बायको, मी डब्लिनला येण्याआधीच गेल्या होत्या. काकांच्या तोंडून त्यांचं नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

माझी मीटिंग सुरू झाली होती. मी दार लावून घेतलं आणि खुर्ची ओढली.

"सांगा काका. दारापासून सुरुवात करा."