पडद्यावरचा वाघ

विजेवर चालणारी वस्तू मला कोणी शिकवू नये. मी वीज मंडळातला निवृत्त लाइनमन. सगळी नोकरी आलापल्लीच्या जंगलात खांबांवर काढली. खाली अस्वल मोहफुलं खात बसलेलं आणि वर मी तार जोडतोय, असेही दिवस पाहिले. त्यामुळे मुलानं, म्हणजे रोशननं, विजेवरची मोटार घ्यायला लावली तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, "हे का, चाकं लावलेला मिक्सर होय. मले नको शिकवू."

तरी नागपूरला परत जाण्याआधी त्यानं माझा फोन गाडीला जोडून दिला.

"आता फोन खिशातच राहू द्या, बाबा. कोनाचा फोन आला ते गाडी सांगन, मेसेज गाडी वाचन, रस्ता गाडी दाखवन."

"मंग मी का करू?"

"तुमी समोर पाहा."

समोर पाहायचं कामही सोपं नव्हतं, कारण त्या दिवशी गाडीत माझ्या मुलीचे होणारे सासू-सासरे बसणार होते. दिव्यानीसाठी पोंभुर्ण्याचं स्थळ आलं होतं. मुलगा निकेश कृषी खात्यात. त्याचा होकार होता. दिव्यानी काही बोलली नव्हती, पण स्थळ आल्यापासून आमच्या भाजीत मीठ दोनदा पडत होतं, त्यावरून मी समजलो. राहिलं होतं ते मोठ्यांचं पाहणं.

आणि सोयरीक जमवणं हे माझं खातं नाही. ते गोकुळाचं. माझी बायको गोकुळा गेल्या पावसाळ्यात गेली. अशा बैठकीत मी फक्त मान हलवायचो, तीही तिनं कोपर मारल्यावर. आता कोपर मारायला कोणी नाही, म्हणजे मान कधी हलवायची हेही मलाच ठरवायचं. भीती एकच होती. स्थळ मोडलं तर ते घरात बाई नाही म्हणून मोडेल, आणि पोरगी मला काहीच बोलणार नाही.

पाहुण्यांना गोंडपिपरीहून पुढची बस लागत नव्हती. मी घ्यायला गेलो. रात्री आमच्याकडं लाइट गेली होती, त्यामुळे बॅटरी निम्मीच भरली होती. लाइनमनच्या घरची लाइट जाते, हे लोकांना खरं वाटत नाही.

मुलाची आई इंदुताई पुढं बसल्या, त्यांना मागं मळमळतं. त्यांचे मालक लटारूभाऊ मागं बसले तेव्हा गाडी त्या बाजूला कलली. त्यांच्या शेजारी मुलाचा मामा इस्तारी. जंगलातलं सगळं मला माहीत आहे, अशा चेहऱ्याचा माणूस.

रस्ता मला तोंडपाठ आहे. पण पाहुण्यांना गाडी दाखवावी म्हणून मी बटन दाबून म्हणालो, "आलापल्लीले जाचं हाय."

"माफ करा, मला समजलं नाही," गाडी म्हणाली.

"आलापल्लीले. घरी."

"माफ करा, मला समजलं नाही."

"पुन्याची बाई दिसते," इस्तारी म्हणाला. "तिले 'ले' नाई समजत."

मग मी साहेबाला अर्ज लिहितात तसं बोललो. "मला आलापल्ली येथे जायचे आहे."

"नक्कीच," गाडी म्हणाली.

"इज्जतीनं बोललं का समजते तिले," इंदुताई म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "भाऊ, घरात आता बाईमानूस कोन हाय?"

"दिव्यानीच."

"अन् तिचं लगन झालं का मंग?"

"मंग मी."

त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या. हे बरं लक्षण की वाईट, मला कळेना.

आष्टी मागं पडली. सागाचं जंगल दोन्हीकडून रस्त्यावर आलं. आणि एकदम घंटी वाजायला लागली. गाडीच्या पडद्यावर ताटाएवढ्या अक्षरांत नाव आलं: वाघ.

आता हे सांगावं लागेल. तो नंबर गोकुळाचा. मी पानठेल्यावर बसलो की तिचा फोन यायचा आणि माझा चेहरा पडायचा. सोबतचे लाइनमन म्हणायचे, "आला वाघ." त्यातल्याच एकानं माझ्या फोनात ते नाव टाकून दिलं. ती गेल्यावर तिचा फोन दिव्यानी वापरते, कारण गॅस, बँक, सगळं त्याच नंबरला टांगलेलं. रोशन म्हणाला होता, नाव बदलून देतो. पण नवं नाव टाकायचं तर आधी जुनं पुसावं लागतं. मी म्हटलं, राहू दे.

म्हणजे पडद्यावर जो वाघ होता तो मला चहाचं विचारणारी माझी उपवर मुलगी होती. हे सासूला कसं सांगणार? 'ताई, घाबरू नका, वाघ म्हणजे तुमची सून'? मी स्टिअरिंगवरचं लाल बटन दाबलं. घंटी थांबली.

"वाघ?" लटारूभाऊंचा आवाज बारीक झाला होता.

इस्तारीनं ताबडतोब उलगडा केला. "सरकारनं वाघाच्या गळ्यात पट्टे बांधले ना. वाघ जवळ आला का गाडीले समजत असन. नवीन गाडी हाय. होय ना, वारलूभाऊ?"

वारलूभाऊ म्हणजे मी. आणि वारलूभाऊची मान, कोणी कोपर न मारता, हलली.

लगेच चारही काचा वर गेल्या. थोडं पुढं गेलो तर पुन्हा घंटी. पुन्हा वाघ. मी पुन्हा लाल बटन दाबलं.

"मागं मागं येऊन राह्यला," लटारूभाऊ म्हणाले. "भाऊ, जोरात घ्या."

"जोरात घेतलं का बॅटरी उतरते."

"अन् बॅटरी उतरली तं?"

"तं थांबा लागते."

"कुठी?"

"इथीच."

मी जोरात घेतली की बॅटरीचा आकडा खाली यायचा, हळू केली की लटारूभाऊंचा हात माझ्या खांद्यावर यायचा. तिसऱ्यांदा घंटी वाजली. लाल बटन दाबताना माझा अंगठा घामानं सरकला.

"हे बटन दाबलं का वाघ जाते काय?" इंदुताईंनी विचारलं. त्या घाबरल्या नव्हत्या. त्या माझ्या अंगठ्याकडं पाहत होत्या.

"जाते थोडा येळ," मी म्हणालो.

फोन उचलत नाही म्हटल्यावर दिव्यानीनं शहाण्या मुलीनं करावं तेच केलं. मेसेज लिहिला. आणि पुण्याची बाई तो स्वच्छ आवाजात वाचू लागली.

"वाघ यांचा नवीन संदेश. पाहुणे कुठपर्यंत आले? किती जन आहेत? जाडे आहेत का बारीक?"

मागं काहीतरी धपकन पडलं. ती लटारूभाऊंची पिशवी होती.

"वाघ यांचा नवीन संदेश. लवकर आना. मले लय भूक लागली."

"अरे बाप्पा," लटारूभाऊ म्हणाले. इस्तारीच्या जंगलातल्या अनुभवात लिहिणारा वाघ बसत नव्हता.

"भाऊ," इंदुताई शांतपणे म्हणाल्या, "गाडी बाजूले घ्या. हे वाघ कोन होय?"

मी गाडी बाजूला घेतली आणि सगळं सांगितलं. पानठेला, गोकुळा, नंबर, दिव्यानी. भात किती टाकायचा म्हणून पोरगी विचारते आहे, पाहुणे जेवल्याशिवाय जेवणार नाही म्हणून उपाशी आहे, हेही सांगितलं. मागून लटारूभाऊ हसले. अर्धवटच हसले, कारण इंदुताई हसल्या नव्हत्या.

"म्हंजे बायकोले तुमी वाघ म्हनत होते."

"हो."

"चला," त्या म्हणाल्या.

घर येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. इस्तारीसुद्धा. मला समजलं, सोयरीक गेली. घरी पोचताच मी गाडी कशीबशी लावली आणि त्यांच्या मागं मागं आत पळालो.

दिव्यानीनं चहा आणला. इंदुताईंनी कप हातात घेतला, पण प्यायल्या नाहीत.

"पोरी, तुह्या मायचा फोन आन. तिच्या फोनात बापाचं नाव काय हाय? जुनंच हाय ना, का तू बदलवलं?"

"नाई बदलवलं," दिव्यानी म्हणाली आणि माझ्याकडं पाहायचं टाळू लागली.

"भाऊ, फोन लावा तिले."

हे नाव मला माहीत नव्हतं. गोकुळाचा फोन मी कधी हातात घेतला नव्हता. ती असताना हिंमत नव्हती, आणि नंतरही. मी नंबर लावला. दिव्यानीच्या तळहातावर फोन वाजू लागला. इंदुताईंनी तो डोळ्यांपासून लांब धरून वाचलं.

"उशीर होईल."

कोणाला काही कळलं नाही.

"हे का नाव होय?" लटारूभाऊंनी विचारलं.

"बाबा ड्युटीवरून फोन करत ना, तं एवढंच सांगत," दिव्यानी म्हणाली. "आई म्हने, उचलाची गरजच नाई. वाजला का समजलं."

फोन वाजतच होता. तो बंद करायचं मला सुचलं नाही.

इंदुताईंच्या कपातला चहा हिंदकळला. त्या हसत होत्या. "मले वाटलं, बिचारी गुमान आयकून घेत असन. ही तं बरोबरीची निंगाली." मग नवऱ्याकडं वळल्या. "तुमच्या फोनात मी कोन हाय?"

लटारूभाऊ बशीतल्या चहात फुंकर मारत राहिले. बशीतला चहा कधीच थंड झाला होता.

"पोरगी पसंत हाय," इंदुताई म्हणाल्या. "जेवाले वाढ, वाघोबा."

दिव्यानीनं मासोळीचं कालवण आणि भात वाढला. मीठ बरोबर होतं. लटारूभाऊंनी तीनदा भात घेतला, त्यामुळे मेसेजमधला प्रश्न योग्यच होता असं सिद्ध झालं. हात धुऊन तिघं उठले. गोंडपिपरीहून पोंभुर्ण्याची शेवटची बस गाठायची होती.

मी पुढं जाऊन गाडी सुरू केली. पडद्यावर बॅटरीचा आकडा लाल दिसत होता. आत पळण्याच्या घाईत मी चार्जिंगची वायर लावायलाच विसरलो होतो.

तिघंही चपला घालून अंगणात उभे होते.

"काऊन भाऊ, का झालं?" इंदुताईंनी विचारलं.

मी गाडीतून उतरलो. खाली पाहिलं. आणि दुसरा शब्दच सुचेना.

"उशीर होईल," मी म्हणालो.